सतरा नंबरची पेटी

१

गोरोबा माने जळून मेला, तेव्हा त्याच्या खोपीच्या दाराला बाहेरून कडी होती.

हवालदार मल्लिकार्जुन स्वामींनी ती पहिल्यांदा पाहिली. पाचटाचं छप्पर आत कोसळलं होतं. भिंतींचे पत्रे वाकले होते. दार मात्र चौकटीसकट उभं होतं आणि त्याची कडी कोयंड्यात नीट बसलेली होती.

"मॅडम, इकडं या," ते हळूच म्हणाले.

सहायक पोलीस निरीक्षक हर्षाली कवडे आल्या. त्यांनी कडीकडं पाहिलं आणि मग मागं वळून माळावर जमलेल्या लोकांकडं पाहिलं. साठ-सत्तर माणसं होती.

भूमपासून चौदा किलोमीटरवरचा हा तांबडवाडीचा माळ. कुसळं आणि दगड सोडून इथं कधी काही उगवलं नाही. पण इथं ढग कमी, आसपास दिव्यांचा उजेड कमी, म्हणून तेरा देशांनी मिळून या माळावर गॅमा किरणांची वेधशाळा बांधायला घेतली होती. माळाच्या माथ्यावर पहिल्या दुर्बिणीचा पाया भरला जात होता. तिथून किलोमीटरभर खाली आरसे ठेवायची लांबलचक शेड होती आणि शेडसमोर पन्नास-पंचावन्न फुटांवर राखणदार गोरोबाची खोप.

गोरोबा साठीचा होता. या माळावर त्याच्या बापानं मेंढरं चारली, त्यानंही चारली. वेधशाळेला जमीन द्यायची वेळ आली, तेव्हा गावात सगळ्यात आधी अंगठा त्यानं उठवला होता.

"वैरी कोण होतं का त्याचं?" हर्षालीनं विचारलं.

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. शेवटी एक म्हातारा खाकरला. "वैरी कसला, सख्खा भाऊच हाय. रामकिसन. बापाचा माळ इकला म्हून बोलत न्हवता दोन साल. परवा भूमच्या बाजारात दोघांची जुंपली. रामकिसन म्हनला, तुला त्या खोपीसकट जाळून टाकीन."

"कुणी ऐकलं?"

"समद्या बाजारानं."

२

गोरोबाची बायको सत्यभामा शेडच्या ओट्यावर बसली होती. ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"मावशी, दाराला कडी कुणी घातली?" हर्षाली तिच्याशेजारी खाली बसल्या.

"म्याच."

हवालदारांनी मान वर केली.

"तीन दिस झालं, अंगात ताप व्हता," सत्यभामा म्हणाली. "दुपारी गोळी दिली, तशी गुंगीच आली त्यास्नी. गोळ्या सरल्या व्हत्या, म्हून तीनच्या सुमाराला म्या तांबडवाडीला सिस्टरकडं गेले. शेरडं आत शिरत्यात, पांघरून वढत्यात. म्हून कडी घातली." ती थांबली. "माझ्या हातानं घातली, बाई."

हवालदारांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग आग लागली कशी? चूल खोपीच्या बाहेर होती आणि सकाळपासून विझलेली होती. खोपीत वीज नव्हती. गोरोबानं विडी सोडून नऊ वर्षं झाली होती. पण शेडच्या भिंतीपाशी, गोरोबाच्या खोपीकडं तोंड करून बसता येईल अशा जागी, हवालदारांना विड्यांची दोन ताजी थोटकं सापडली.

रामकिसनला गावातून आणलं. पन्नाशीचा, काळासावळा, हाताच्या शिरा वर आलेला माणूस. भावाच्या खोपीची राख बघून तो मटकन खाली बसला.

"आज तू इथं आला होतास?"

"न्हाय."

"नक्की?"

"न्हाय म्हनलं ना, मॅडम. पाय ठिवला न्हाय या माळावर दोन साल."

पण पाया भरणाऱ्या दोन मजुरांनी त्याला सव्वाचारच्या सुमाराला माळ उतरताना पाहिलं होतं. विड्यांची थोटकं त्याच्याच बंडलातली निघाली. खोटं बोलणाऱ्या माणसाला सोडायचं कसं? हर्षालीनं त्याला जीपमध्ये बसवलं.

निघताना त्या सत्यभामेकडं गेल्या. तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं आणि दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

"मावशी, तुमच्या दिरानं केलंय."

सत्यभामेनं जीपकडं पाहिलं. रामकिसननं तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं, तेव्हा त्या माणसाच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो पुढं कितीतरी दिवस हर्षालीच्या कानात राहिला.

३

तीन दिवस रामकिसन कोठडीत एकच वाक्य बोलत होता. "म्या न्हाय लावली आग." पुढ्यातली भाकरी तो शिवतही नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी हर्षाली पुन्हा माळावर गेल्या. प्रकरण सरळ होतं आणि तरीही त्यांना ते गिळवत नव्हतं. त्या जळकोटच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. गंज्या पेटलेल्या त्यांनी लहानपणापासून पाहिल्या होत्या. आग लावणारा काडी बुडाशी लावतो, वाऱ्याच्या आडोशाला. पण खोपीच्या पत्र्याच्या भिंती खालून फारशा काळ्या नव्हत्या. सगळा काळपटपणा वरच्या अर्ध्यात होता.

ठेकेदार शिवप्रसाद त्यांना भेटायला खाली आला. पायाचं काम त्याच्याकडं होतं. महिन्याभरापूर्वी तांब्याच्या तारेची दोन बंडलं चोरीला गेली, तेव्हा गोरोबानं त्याच्याच मुकादमाचं नाव सांगितलं होतं, हे हर्षालीला कळलं होतं.

"राग होता तुमचा गोरोबावर?"

"होता की," शिवप्रसाद म्हणाला. "मुकादम माझा साडू. घरात तोंड दाखवायची चोरी झाली. पण मॅडम, त्या दिवशी दुपारी दोनपासून आमचं काँक्रीट चालू होतं. ते मधी सोडता येत नाही. चाळीस माणसं हलली नाहीत जागची, मीपण नाही. साडेचारला धूर दिसला, तेव्हा पहिल्यांदा काम टाकून पळालो."

"आग कुठून पेटली, दिसलं का?"

"दिसलं म्हणजे, वळचणीपासून. छपराची पुढची कड पेटली आणि पाचटावरून आग आत गेली. खाली काहीच नव्हतं. मला त्याचंच नवल वाटलं. वर हात करून कोण काडी लावंल?"

हर्षाली खोपीच्या पुढच्या बाजूला गेल्या. वळचणीच्या दोन पावलं अलीकडं, दगडी ओट्यावर पाण्याची काळी टाकी होती. खोपीकडची तिची बाजू आगीनं वाकडीतिकडी झाली होती, ते समजण्यासारखं होतं. हर्षाली टाकीला वळसा घालून शेडच्या बाजूला आल्या आणि थांबल्या.

या बाजूला, आगीकडं पाठ असलेल्या बाजूला, टाकीवर एक रेघ होती.

हाताच्या पंजाएवढी रुंद. लोण्यावरून तापलेला चमचा फिरवावा तसं प्लास्टिक वितळून पुन्हा थिजलं होतं. टाकीच्या बुडाजवळ ती अचानक सुरू व्हायची, किंचित डावीकडं झुकत सरळ वर चढायची आणि टाकीच्या माथ्यावरून नाहीशी व्हायची. सुरुवातीपासून थोड्या अंतरावर वीतभर जागा नुसती डागाळलेली होती. तिच्यावर रेघ पुन्हा खोल.

"स्वामीकाका, हे काय असेल?"

हवालदारांनी बोट फिरवून पाहिलं. "मशाल धरली आसंल कुणी?"

"मशालीची काजळी धरते. इथं काजळीचा ठिपका नाही."

रेघ जिथं संपत होती, तिथून हर्षालीनं नजर सरळ पुढं नेली. टाकीच्या माथ्यावरून, दोन पावलं पलीकडं, जिथं खोपीची वळचण होती तिथं. मग त्या वळल्या आणि उलट दिशेला पाहिलं. समोर शेडची चुना दिलेली भिंत होती.

४

वेधशाळेच्या प्रमुख इरा दातार शेडमधल्या टेबलापाशी बसल्या होत्या. चाळिशीच्या, बारीक, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी चार दिवसांत धड झोप घेतलेली दिसत नव्हती.

"गोरोबाकाका पाहुण्यांना आमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, लई लांब कुठंतरी एक तारा मरतो, त्याची खबर इथं येती. पण ती जमिनीपतूर पोचत न्हाय, वरच्या हवेतच फुटती. फुटताना जरासा निळा उजेड पडतो, ह्या आरशाच्या पोरी तो गोळा करत्यात."

"आणि ते खरं आहे?"

"अगदी खरं. डोळ्याला कळणारही नाही, इतका मंद उजेड. पापणी लवायच्या आत तो कितीतरी लाख वेळा येऊन जाईल. तो टिपायला हे आरसे." त्यांनी भिंतीशी रचलेल्या लाकडी पेट्यांकडं हात केला. "एका दुर्बिणीला असे कितीतरी लागतात."

"ते दिवसा बाहेर काढता?"

इराबाईंनी पेट्यांवरून नजर काढली. नंतर म्हणाल्या, "चाचणीला काढावे लागतात. पण आमचा पहिला नियमच तो आहे. आरशाला सूर्य दाखवायचा नाही. जाड कापड बांधून न्यायचा आणि माणसानं त्याच्याजवळून हलायचं नाही. आरसा खोलगट असतो. ऊन एका जागी गोळा करतो. सोळा मीटरवर."

सोळा मीटर. हर्षालीनं मनात फुटांचा हिशेब केला, बावन्न फूट.

"आगीच्या दिवशी कुठला आरसा बाहेर होता?"

"नाही. शौनकनं सांगितलं तसं. नोंदवहीतही नाही."

शौनक आरशांचा अभियंता होता. पुण्याचा, तिशीचा, मान खाली घालून बोलणारा. "त्या दिवशी एकही पेटी उघडली नाही," तो म्हणाला. "पावणेचारला मी भूमला गेलो. परदेशातून पाहणी समिती येणार होती, त्यांची गाडी रस्ता चुकली होती. त्यांना भूमच्या विश्रामगृहात सोडून पाच वाजता परत आलो, तोवर सगळं संपलं होतं."

"गोरोबाशी तुमचं कसं होतं?"

"चांगलं होतं." त्यानं दाराबाहेर पाहिलं. "मी जेवायचो त्यांच्याकडं."

हर्षाली शेडबाहेर आल्या. ऊन चढलं होतं. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता आणि सगळा धूर शेडच्या या भिंतीवर आला होता. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर राखाडी थर बसला होता, हात लावला की बोटाला लागणारा. सगळ्या भिंतीवर सारखा. फक्त मधोमध, जमिनीपासून फूटभर उंचीवर, एक जागा स्वच्छ पांढरी राहिली होती. धूर आला तेव्हा तिथं काहीतरी टेकून उभं होतं आणि नंतर ते कुणीतरी उचललं होतं.

हर्षालीनं त्या पांढऱ्या जागेच्या कडेवरून बोट फिरवलं. एक कोपरा, दुसरा, तिसरा.

त्या जागेला सहा कोपरे होते.

५

"आरसे कसे असतात, गोल?"

"षटकोनी," शेडबाहेर आलेल्या इराबाई म्हणाल्या आणि भिंत पाहून त्यांचा चेहरा पडला.

पेट्या उघडायला सुरुवात झाली. एकेक आरसा बाहेर येत होता, तळ्यासारखा स्वच्छ. शौनक कोपऱ्यात उभा होता. बारावी, तेरावी. सोळाव्या पेटीनंतर तो पुढं आला आणि म्हणाला, "ही मी उघडतो."

त्यानं सतरा नंबरच्या पेटीचं झाकण काढलं. आतल्या आरशावर राखेचा पातळ थर होता आणि त्या थरात चिकटलेले पाचटाचे जळके कण. कडेला चार बोटांचे ठसे.

"पुसायला हात झाला नाही," शौनक म्हणाला. "रोज ठरवायचो."

इराबाई खुर्चीत बसल्या.

त्या दिवशी साडेतीनला त्यानं आरसा लोखंडी चौकटीवर भिंतीला टेकवून ठेवला होता. पाहणीच्या आधी एकदा तपासून घ्यावा म्हणून. तेवढ्यात समितीचा फोन आला. आरसा पुन्हा पेटीत घालायला अर्धा तास लागला असता. कापड बांधलेलं होतं, दोन गाठी मारलेल्या. तासाभराचाच प्रश्न होता. तो गेला.

"परत आलो तेव्हा सगळे खोपीकडं होते. कुणाचं लक्ष नव्हतं. कापड जमिनीवर पडलं होतं आणि आरसा उघडा. मला लगेच कळलं." तो थांबला. "मी तो तसाच, न पुसता पेटीत सरकवला. वहीतलं पान फाडलं. मला वाटलं, समिती येतेय, सहा वर्षांचं काम आहे, इतक्या लोकांचं. काका तर आता..."

"गेलेलेच आहेत," हर्षालीनं वाक्य पुरं केलं. "आणि रामकिसन?"

शौनकनं हातातलं झाकण भिंतीला टेकवलं.

"चार दिवस तो माणूस आत बसलाय. गावानं त्याच्या बायकोला पाण्यावर येऊ दिलं नाही. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. डोळे लाल झाले होते. "माझा गुन्हा आहे, मी कबूल करतो. पण मॅडम, एक सांगतो आणि हे खोटं नाही. कापड मी काढलं नव्हतं."

६

"वाऱ्यानं पडलं असंल," हवालदार म्हणाले.

"दोन गाठी होत्या, काका. वारा गाठी सोडत नाही."

हर्षाली इराबाईंना टाकीपाशी घेऊन गेल्या. इराबाईंनी रेघ पाहिली आणि तिच्यावरून बुडापासून माथ्यापर्यंत बोट नेलं.

"सूर्य खाली उतरतो तसा आरशातला उजेड वर चढतो," त्या म्हणाल्या. "या अंतरावर मिनिटाला सात सेंटीमीटर, जवळजवळ. ही रेघ म्हणजे घड्याळच आहे." त्यांनी टेप लावली. रेघ एक मीटर तीस होती. टाकीच्या माथ्यापासून वळचणीपर्यंत उजेडाला फार वेळ लागला नसता. "वीस मिनिटं धरा."

साडेचारला धूर दिसला. म्हणजे चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास कापड निघालं. शौनक तेव्हा भूमच्या एसटी स्टँडसमोर समितीच्या ड्रायव्हरशी बोलत होता, हे हवालदारांनी फोन करून खात्री करून घेतलं. सत्यभामा तांबडवाडीत सिस्टरच्या दारात होती. चाळीस माणसं काँक्रीटवर.

"आणि ही मधली वीतभर जागा? इथं नुसता डाग आहे."

"इथं उजेड अडला होता," इराबाई म्हणाल्या. "तीन-चार मिनिटं. आरशासमोर कुणीतरी उभं होतं."

सव्वाचारला माळ उतरणारा माणूस एकच होता. हर्षालीला आता जे समजलं होतं, ते समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

भूमला पोचल्यावर त्यांनी रामकिसनला कोठडीतून बाहेर काढलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"रामकिसनभाऊ, तुम्ही आग लावली नाही, हे मला कळलंय."

त्यानं दोन्ही हात जोडले.

"पण त्या दिवशी तुम्ही तिथं गेला होता. का, ते मला खरं सांगा."

"गेलतो." तो खाली बघत बोलू लागला. "बाजारात बोलू ने ते बोललो. दोन रातीला झोप न्हाय. म्हनलं जावं, पाय धरावं दादाचं. गेलो तर दाराला कडी. वाटलं, दोघं गावात गेली आसतील. म्हून भितीपाशी टेकलो, विडी वढली. आत दादा निजला हाय हे मला ठाव न्हवतं वो. हाक तरी मारायची! एक हाक मारली न्हाय म्या."

त्यानं डोळे पुसले.

"तिथं कापडात बांदून काय तरी उबं केलतं. दादा ज्याच्यापायी माळ देऊन बसला, ते हाय तरी काय, बगावं म्हनलं. गाठी सोडल्या. पयल्यांदा डोळंच दिपलं. मंग म्होरं उबा राहिलो, तर ह्ये एवढं मोठं तोंड. परातीएवढं. माझंच, पर माझं न्हवं. आमच्या बापाचं तोंड, मॅडम. तसंच कपाळ, तशाच सुरकुत्या. लई येळ बगत राहिलो. बाप म्हनल्यासारखं वाटलं, आरं, भाऊ एकच हाय तुला."

"मग?"

"मग म्हनलं, रिकाम्या हातानं कशाला, घरला जावं, मालकिनीला घिऊन यावं, समद्यांनी मिळून बसावं. तसाच पळत सुटलो. अर्ध्या वाटंत वैनी भेटली न्हाय, कोन न्हाय. घरी पोचलो तवा माळावर धूर."

"कापड पुन्हा बांधलंत?"

रामकिसननं आठवून पाहिलं. "न्हाय. का वो?"

७

"मॅडम, वाऱ्यानं कापड उडालं लिवा," व्हरांड्यात मल्लिकार्जुनकाका कळवळून म्हणाले. "आरसा सोडून गेलेला माणूस सापडलाय. त्याला शिक्षा होईल. ह्याला कशाला सांगायचं? जलमभर जळंल बिचारा."

"कोर्टात शौनकचा वकील गप्प बसेल? पहिल्या तारखेलाच विचारेल, कापड काढलं कुणी. तेव्हा भरल्या कोर्टात काळ्या कोटाच्या तोंडून कळू द्यायचं?" हर्षालीनं व्हरांड्याच्या खांबाला पाठ टेकली. "मी एकदा घाईनं सांगितलं आणि चुकीचं सांगितलं. आता बरोबर तरी नीट सांगते. सत्यभामामावशींना बोलवून घ्या. त्यांनाही माझ्याच तोंडून कळू दे."

सत्यभामा दुपारी आली. दिराला समोर बसलेला बघून ती दारातच थबकली. हर्षालीनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि जसं घडलं तसं सांगितलं. आरसा कशाचा, शौनकनं तो कसा सोडला, नंतर कसा लपवला. ऊन कसं टाकीवरून चढत वळचणीला गेलं. आणि कापड कुणी काढलं.

आधी रामकिसनला समजलंच नाही. तो हसऱ्यासारखा चेहरा करून हर्षालीकडं बघत राहिला. मग त्याची नजर हळूहळू स्वतःच्या हातांवर गेली. त्यानं ते हात उलटे केले, सुलटे केले.

"मंजी... म्या?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, भाऊ. कायद्यानं तुमच्यावर दोष येत नाही. दोष आरसा टाकून जाणाऱ्याचा."

"मंजी म्या बाजारात म्हनलो ते..."

"ते आणि हे एक नाही."

पण तो ऐकत नव्हता. खुर्चीवरून खाली घसरून तो फरशीवर बसला. रडला नाही. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. हवालदारकाका पाणी आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

सत्यभामा उठली. हर्षालीला वाटलं, ती निघून जाईल. ती दिराच्या समोर जाऊन खाली बसली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी कशापायी आलता त्या दिशी?"

"पाय धराया," तो कसंबसं म्हणाला.

"दोन साल त्यास्नी तेच पायजे व्हतं. जेवताना रोज इचारायचं, राम्या कुठं दिसला का गं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तापात बी तुमचंच नाव. म्या म्हनायचे, यील, यील. तुमी आलता, आन म्या कडी घालून गेलते. कुनाला बोल लावू? कडीला का कापडाला?"

ती तशीच बसून रडली. चार दिवसांत पहिल्यांदा. रामकिसननं कपाळ तिच्या पायांजवळच्या फरशीवर टेकलं. तिनं त्याला उठवलं नाही आणि दूरही केलं नाही.

शौनकवर गुन्हा दाखल झाला. तो काहीही नाकारत नव्हता. पाहणी समितीला सगळं सांगणारं पत्र इराबाईंनी स्वतः लिहिलं, एक शब्द न लपवता. चार दिवस भूमला थांबलेली समिती पाहणी न करताच परत गेली. माळावरचं काम कधी सुरू होईल, होईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. चाळीस मजुरांतले निम्मे दुसऱ्या दिवशी बारामतीकडं कामाला निघून गेले.

त्या दोघांना सगळं कळलं, त्याच संध्याकाळी पाचच्या एसटीनं सत्यभामा आणि रामकिसन तांबडवाडीला जाणार होते. हर्षाली स्टँडपर्यंत गेल्या, जरा लांबच उभ्या राहिल्या. गाडी लागली. सत्यभामा चढली, खिडकीशी बसली. गाडीत तांबडवाडीचीच माणसं होती. रामकिसनला बघून त्यांच्या माना वळल्या, कुजबूज झाली. त्यानं दाराच्या दांड्याला हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला. मग तो मागं सरकला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

कंडक्टरनं घंटी मारली.

"आरं थांबीव की," गाडीतून आवाज आला. सत्यभामा पिशवी सांभाळत खाली उतरली. गाडी धूळ उडवत गेली. ती दिराला काही बोलली नाही. पदर डोक्यावर घेतला आणि तांबडवाडीच्या रस्त्याला पायी चालू लागली.

रामकिसन काही वेळ तसाच उभा होता. मग तोही निघाला, मान खाली घालून, वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवून.

चौदा किलोमीटरचा रस्ता होता. हर्षाली त्यांच्याकडं बघत होत्या. नाक्यापलीकडं, जिथं दुकानं संपतात आणि रान सुरू होतं, तिथं सत्यभामा थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तो जवळ येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.